दोन गाड्यांमधले तास

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



२००९ साली मी आणि सौ. पहिल्यांदा परदेशी निघालो. मुलगी मेलबर्नला, तिच्याकडे. बीडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालो आणि सकाळी साडेसहाला मुंबईत दादरला उतरलो. विमान रात्री पावणेबाराचे. म्हणजे हातात सतरा तास आणि समोर अख्खी मुंबई. आम्ही काय केले? टॅक्सी धरली, थेट विमानतळ गाठला आणि बसलो. आत सोडायची वेळ व्हायची होती, म्हणून निम्मा दिवस बाहेर ट्रॉलीपाशी. एकजण सामानाजवळ, एकजण चहाला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती, त्यामुळे उपाशी राहिलो नाही एवढेच. परत आल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारले, "मुंबई पाहिली असेल की मग?" सौ. म्हणाल्या, "हो, खांब पाहिले. चौदा होते."

तो आकडा मला अजून टोचतो. आम्ही बसून राहिलो ते कंटाळ्याने किंवा पैसे वाचवायला नव्हे. भीतीने. बाहेर गेलो आणि परत येता आले नाही तर? सामान कुठे ठेवायचे? विचारले तर लोक हसतील का? आज बोलायचे आहे ते याच विषयावर. मोठ्या शहरात दोन गाड्यांच्या, दोन विमानांच्या मध्ये जे सहा-आठ-बारा तास पदरात पडतात, त्यांचे करायचे काय.

विमान कंपन्यांच्या भाषेत याला लेओव्हर म्हणतात. पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाचा लेओव्हर विमानातून विमानात असा क्वचितच असतो. तो बसमधून विमानात असा असतो. बीडला विमानतळ नाही. जवळचे विमानतळ छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्याचे, सव्वाशे किलोमीटरवर. रेल्वेचे म्हणाल तर परळीकरांचे जंक्शन जुने आहे, पण बीड शहर आणि अहिल्यानगर यांच्यातली गाडी सुरू झाली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. तोपर्यंत कुठेही जायचे तर आधी एस.टी. किंवा ट्रॅव्हल्स, आणि मग पुढची गाडी. घाटात ट्रक आडवा झाला तर काय, म्हणून आपण पुढच्या गाडीच्या पुष्कळ आधी पोचायच्या बेतानेच घर सोडतो. हा शहाणपणाच आहे. वाट पाहणे आपल्याला नवे नाही. फक्त ते तास आपले आहेत, हे लक्षात येत नाही.

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट तारखेची. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण यापायी विमाने चुकलेली आहेत. परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेले असते, १२ तारीख, ०० वाजून ५० मिनिटे. आपण म्हणतो, बारा तारखेच्या रात्री. ते विमान अकरा तारखेच्या रात्री जेवणे झाल्यावर सुटणार असते. बारा तारखेला संध्याकाळी तुम्ही हारतुरे घेऊन विमानतळावर पोचाल तेव्हा विमान मुक्कामी पोचलेले असेल. आमच्या एका नातलगांच्या बाबतीत असे झाले, आणि चार माणसांची नवी तिकिटे काढावी लागली. म्हणून कॅलेंडरवर खूण करताना निघण्याच्या रात्रीवर करावी, तिकिटावरच्या तारखेवर नव्हे.

दुसरी, विमानतळ कोणते? मुंबईत आता दोन आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. जुना विमानतळ आणि हा नवा यांच्यात तीसपस्तीस किलोमीटरचा आणि मुंबईच्या रहदारीचा फरक आहे. तिकिटावर तीन अक्षरांची खूण असते. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. जुन्या विमानतळालाही पुन्हा दोन टर्मिनल आहेत, विलेपार्ल्याच्या बाजूचे पहिले आणि सहारचे दुसरे. एकातून दुसऱ्यात जायचे तर बाहेर पडून रस्त्याने जावे लागते. संभाजीनगरहून येणारे विमान एका टर्मिनलला उतरेल आणि पुढचे दुसऱ्यातून सुटेल, असे होऊ शकते. हे घरी बसून पाहून ठेवण्याचे काम आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सगळा प्रवास एका तिकिटावर आहे की दोन वेगळ्या तिकिटांवर? एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच पीएनआरवर असेल आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे पुढचे चुकले, तर पुढची सोय लावणे ही साधारणपणे कंपनीची जबाबदारी. तिकिटे वेगवेगळी असतील, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी कर्तव्य नाही. बसचा उशीर तर कोणीच धरत नाही. सामानाचेही तसेच. एका तिकिटावर सामान बहुधा थेट शेवटच्या मुक्कामाला जाते, आणि मधल्या शहरात आपण हात हलवत मोकळे. बॅगेला जी पट्टी लावतात तिच्यावर शेवटच्या विमानतळाची अक्षरे आहेत का, ते काउंटरवर उभे असतानाच पाहावे. विचारायला लाजू नये. तिथली मुलगी दिवसातून शंभरदा हेच सांगत असते.

परदेशाहून येताना मात्र उलटे. पुढचे तिकीट संभाजीनगरपर्यंतचे असले, तरी भारतात जिथे पहिल्यांदा उतरतो तिथे बहुधा बॅगा ताब्यात घेऊन, कस्टममधून जाऊन, पुन्हा द्याव्या लागतात. त्यात तास-दीड तास सहज जातो.

बरे, आता तास मोजायचे कसे? आपण पुढून मोजतो. विमान बाराला, आत्ता वाजलेत सात, सतरा तास आहेत. असे मोजले की एकतर खूप वेळ वाटतो किंवा भीती वाटते. मोजायचे शेवटून. विमान रात्री पावणेबाराला. परदेशी विमानासाठी तीन तास आधी आत असावे, म्हणजे पावणेनऊ. त्याला अर्धा-पाऊण तास घसारा धरा, आठ. शहरातून परतायला जो वेळ नकाशा सांगतो, त्याच्या दुप्पट धरायचा. दीड तास धरला, तर साडेसहाला शहर सोडायचे. सकाळी सामान लावून, तोंड धुऊन मोकळे व्हायला नऊ वाजतात. म्हणजे सतरा तासांतले आपले खरे तास साडेनऊ. कमी झाले, पण आता ते पक्के आपले आहेत. देशातल्या देशात विमान असेल, तर दोन तास आधी पोचलेले बरे, कारण बऱ्याच कंपन्यांचे काउंटर विमान सुटण्याआधी तासभर बंद होते आणि मग विनवण्या चालत नाहीत.

याच हिशेबाने मधला वेळ सहा तासांचा असेल, तर हातात उरतो अर्धा-पाऊण तास. अशा वेळी बाहेर पडूच नये. आठ तासांचा असेल तर विमानतळाच्या आसपास. दहाच्या पुढे असेल तरच गावात. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, यातले काहीच धरून चालू नये. मुंबईत भरती आणि पाऊस एकत्र आले की रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.

आसपास म्हणजे काय, असे विचाराल. अंधेरी पूर्वेला महाकाली लेणी आहेत, बौद्ध लेणी, एकोणीस. आपल्या अंबाजोगाईचा हत्तीखाना ज्याने पाहिला आहे, त्याला तिथे आत शिरताच ओळखीचे वाटेल. तोच काळा दगड, तसेच खांब. अंधेरी पश्चिमेला गिलबर्ट हिल नावाचा दगडाचा एक सुळका आहे, साठेक मीटर उंच, इमारतींच्या गर्दीत एकटा उभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा दख्खनभर पसरला, त्याचा तो भाग. आपल्या बालाघाटाचा डोंगर त्याच लाव्हारसाचा. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी जावे.

गावात जायचे असेल, तर आता एक मोठी सोय झाली आहे. मेट्रोची तिसरी मार्गिका, आरे ते कफ परेड, जमिनीखालून जाणारी. तिचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना तिचे स्थानक आहे. पुढे दादर, सिद्धिविनायक, गिरगाव, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट. टॅक्सीत दोन तास अडकण्याची जी धास्ती होती ती बऱ्याच अंशी संपली. पाऊण-एक तासात माणूस फोर्टात पोचतो. २००९ साली ही असती तर, असे वाटते खरे. पण खरे सांगायचे तर तेव्हाही लोकल होतीच. आम्ही उठलो नाही.

२०२५ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मेलबर्नला गेलो. तीच ट्रॅव्हल्स, तेच दादर, विमानही पावणेबाराचेच. या वेळी मी तयारीने होतो. वहीत सात ठिकाणे लिहिली होती. वेरूळ पाहिलेल्या माणसाने घारापुरी पाहिलीच पाहिजे, म्हणून ती पहिली. सौ.नी वही घेतली आणि विचारले, "घारापुरीला बोट किती वेळ?" म्हटले, जायला तास, यायला तास, शिवाय बोट सुटायची वाट. त्यांनी काट मारली. मग राणीची बाग, काट. हाजी अली, काट. दादरला शिवाजी मंदिरात दुपारी चारचा नाटकाचा प्रयोग असतो, तो पाहावा असे माझ्या फार मनात होते. मराठी माणसाने हाताशी वेळ असता शिवाजी मंदिरापुढून तसेच निघून जाणे मला बरे वाटत नाही. पण प्रयोग सुटेपर्यंत सात होणार, आणि आम्हाला शहर सोडायचे साडेसहाला. काट. ज्यांचे विमान रात्री दोननंतरचे आहे त्यांनी मात्र नाटकाचा विचार जरूर करावा, दादरपासून विमानतळ मेट्रोने जवळच आहे. शेवटी दोन गोष्टी उरल्या. वस्तुसंग्रहालय आणि समुद्र.

आधी विमानतळावर जाऊन बॅगा ठेवल्या. तिथे पैसे घेऊन सामान सांभाळण्याची सोय आहे. मोठ्या विमानतळांवर बहुधा असते, आगमनाच्या बाजूला विचारावे. पावती पासपोर्टजवळ ठेवावी. पासपोर्ट, तिकीट, पैसे आणि औषधे बॅगेत ठेवायची नाहीत, ती अंगाबरोबर. रक्तदाबाची गोळी बॅगेत आणि बॅग कुलपात, असा प्रकार आमच्या वयाच्या लोकांचा हमखास होतो.

हुतात्मा चौकाला उतरून दहा-बारा मिनिटे चालले की छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुने प्रिन्स ऑफ वेल्स. १९२२ साली लोकांसाठी उघडले. सकाळी सव्वादहापासून संध्याकाळी सहापर्यंत. इमारत बांधणारा जॉर्ज विटेट, ज्याने गेट वे ऑफ इंडियाही बांधले. कुर्ल्याचा निळसर काळा दगड आणि मालाडचा पिवळसर, असे दोन रंग भिंतीत दिसतात, आणि वर विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट. आम्ही आत अडीच तास होतो आणि पाव भागही पाहून झाला नाही. सौ. असिरियाच्या राजवाड्यातल्या कोरीव दगडी पाट्यांसमोर थांबल्या. इराकातून आलेले, अडीच हजार वर्षांहून जुने, पंखवाले पुरुष कोरलेले दगड. म्हणाल्या, "यांच्या दाढीला किती बारीक वेण्या घातल्यात बघा." मग त्यांच्या पायाकडे, मग हातातल्या भांड्याकडे. मी पुढच्या दालनाची घाई करत होतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा, मी इथेच आहे." मीही थांबलो. त्यानंतर आम्ही दालने मोजणे सोडून दिले.

दुपारी जेवून चर्चगेटच्या बाजूने मरीन ड्राइव्हला गेलो. ओव्हल मैदानाच्या एका अंगाला विद्यापीठ आणि हायकोर्टाच्या जुन्या दगडी इमारती, दुसऱ्या अंगाला गोलसर कोपऱ्यांची आर्ट डेको घरे. हा सगळा परिसर, मरीन ड्राइव्हवरच्या घरांसह, २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. सीएसएमटीचे स्थानक २००४ पासूनच आहे. आम्ही मात्र कठड्यावर नुसते बसलो. दुष्काळी भागातल्या माणसाला एवढे पाणी एका जागी दिसले की तो काही बोलत नाही. साडेसहाला उठलो, साडेसातला विमानतळावर, बॅगा सोडवल्या, आठच्या ठोक्याला दारात.

आता विमानतळाच्या आतल्या वेळाचे थोडक्यात. एकदा इमिग्रेशनचा शिक्का बसला की बाहेर येता येत नाही, म्हणून बाहेरची कामे आधी उरकावीत. मुंबईच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये, २०१४ साली ते सुरू झाले तेव्हापासून, 'जय हे' नावाचे कलादालन आहे. भिंतीची लांबी सुमारे तीन किलोमीटर, देशभरातली जुनी दारे, कोरीव खांब, मुखवटे, कापड. तिकीट लागत नाही. लोक त्याला पाठ करून मोबाइल पाहत बसलेले असतात. दुसरे असे की बऱ्याच विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, पडद्यावर पाहावे लागते. दार क्रमांक ऐन वेळी बदलतो. झोपायचे असेल तर दोघांनी आळीपाळीने झोपावे आणि गजर लावावा. दर तासाला उठून चालावे, नाहीतर पाय सुजतात. मोबाइलचा पॉवर बँक हातातल्या पिशवीत, तो मोठ्या बॅगेत चालत नाही. लोणच्याची बरणी मात्र मोठ्या बॅगेत, कारण परदेशी विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा जास्त पातळ पदार्थ हातात नेऊ देत नाहीत. आणि सुके खोबरे नेऊच नये. त्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते म्हणून काढून ठेवतात. आमची वाटी तिथेच राहिली.

मधला मुक्काम परदेशात असेल, तर प्रश्न एकच. व्हिसा. भारतीय पासपोर्टवर कुठे बाहेर पडता येते आणि कुठे नाही, हे देशागणिक वेगळे आहे आणि बदलत असते. काही देशांत तर विमानतळ न सोडताही ट्रान्झिट व्हिसा मागतात. स्वस्त तिकीट घेण्याआधी त्या देशाच्या वकिलातीच्या माहितीत हे पाहावे, नाहीतर चिकलठाण्यालाच अडवतील. आमचे सात तास सिंगापूरला होते. तिथे २०१९ पासून ज्युएल नावाच्या काचेच्या इमारतीत चाळीस मीटर उंचीवरून पडणारा धबधबा आहे. मुलीने त्याचे फोटो पाठवले होते. पण तो इमिग्रेशनच्या पलीकडे. आमच्याकडे सिंगापूरचा व्हिसा नव्हता. सौ. हिरमुसल्या. तिथल्या एका सफाई करणाऱ्या मावशींना खुणेने विचारले, तर त्यांनी छोट्या आगगाडीकडे बोट दाखवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या टर्मिनलमध्ये धावणारी ती गाडी त्या इमारतीच्या पोटातूनच जाते. क्षणभर धबधबा शेजारून जातो. तिला तिकीट नाही. आम्ही चार फेऱ्या मारल्या. उरलेला वेळ तिसऱ्या टर्मिनलमधल्या फुलपाखरांच्या बागेत.

परतीच्या वेळी मुंबईत पहाटे उतरलो. बीडची ट्रॅव्हल्स रात्री नऊला. पुन्हा पंधरा तास, आणि माझी वही खिशात होतीच. सौ. म्हणाल्या, "आता काही बघायचे नाही." दादरला निम्म्या दिवसाची खोली घेतली, अंघोळ केली, आणि संध्याकाळी पाचपर्यंत झोपलो. उठून वरणभात खाल्ला आणि गाडीच्या थांब्यावर अर्धा तास आधी जाऊन उभे राहिलो.